किनाऱ्यावरचे दिवे

"आबा, गणित बरोबर आहे, मग ताप का ओसरत नाही?"

नात रेवाच्या या प्रश्नावर आबांनी आकडे पुन्हा तपासायला घेतले.

साल होतं २०४५. केनियातल्या किसुमू शहरात, मोठ्या सरोवराच्या काठी, आबा तिथल्या तरुण शास्त्रज्ञांना हिवतापाचं गणित शिकवत. टेबलावर उजेडाचं एक इवलं गाव उभं होतं. ते होतं प्रतिमान (खऱ्या गोष्टीची गणितानं केलेली नक्कल). घरोघरी मच्छरदाण्या आहेत, तेव्हा ताप ओसरायलाच हवा, असं ते सांगत होतं. खऱ्या गावात मात्र ताप वाढत होता.

ते गाव आबांच्या विद्यार्थिनीचं, अचियेंगचं होतं. मागच्या पावसाळ्यात तिचे बाबा याच तापानं गेले. डास पळवणाऱ्या औषधी पट्ट्यांचा एकच साठा हाताशी होता, आणि त्या पट्ट्या कुठे लावायच्या हे तिला आज गावाला सांगायचं होतं.

"सगळे डास मारून टाका ना!" रेवा म्हणाली.

"गरजच नाही." अचियेंगनं रेवाचे खेळायचे चिंचोके पुढे ओढले. "आजाऱ्याला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना चावतो. एकाचा ताप दोघांना गेला, तर दोघांचे चार, चारांचे आठ. पण सरासरी एकापेक्षा कमी जणांना गेला तर? आठांचे चार, चारांचे दोन..."

"मग संपलाच की!"

"संपतो. थोडे डास उरले तरी."

रेवा इवल्या गावाकडे बघत होती. तिथे अंधार पडला आणि माणसं भराभर घरात शिरली.

"हे तर आपल्या चिपळूणसारखं झालं, आबा. दिवेलागण झाली की सगळे घरात!"

अचियेंग चमकली. "म्वालिमू (म्हणजे गुरुजी), हे कुणी ठरवलं?"

"मीच. तिन्हीसांजेला माणसं घरी येतात, त्यात विचारायचं काय?"

"आमच्याकडे तेव्हा होड्या सुटतात! दिव्यांच्या उजेडात मासे धरतात. बायका किनाऱ्यावर वाट बघत बसतात. मच्छरदाण्या घरात, आणि डास चावतात बाहेर! तुम्ही तर अख्ख्या गावाला जेवायला घालून झोपवलंत!"

"अगं, मग आजवर बोलली का नाहीस?"

"प्रत्येक गृहीतक (आधीच खरं धरलेली गोष्ट) तपासा, असं तुम्हीच शिकवलंत. मी सगळी तपासली. तुमचं तेवढं सोडलं."

आबा खो खो हसले. "आता तेही सोडू नकोस."

अचियेंगनं टेबलावरच्या माणसांना अंधार पडताच किनाऱ्यावर आणलं. इवल्या गावातला ताप खऱ्यासारखाच चढला. मग तिनं तिथे आधी घरांवर लावून पाहिलेल्या पट्ट्या काढून किनाऱ्यावर लावल्या. एकाचा ताप किती जणांना जातो, तो आकडा घसरत घसरत एकाच्या खाली आला.

तिनं गावात फोन लावला. "पट्ट्या किनाऱ्यावर लावा." मग ती म्हणाली, "बाबांची होडी लागायची ना, तिथून सुरुवात करा."

पावसाळा सरला तेव्हा गावातला ताप ओसरू लागला होता. नवे विद्यार्थी आले. या वेळी फळ्यापाशी अचियेंग उभी होती आणि आबा रेवाशेजारी शेवटच्या बाकावर.

चिंचोके टेबलावर ओतत तिनं पहिला प्रश्न विचारला, "सांगा बघू, अंधार पडला की तुमच्या गावातली माणसं कुठे असतात?"