वाळ्याखालचा वास

"हा बारावा," असं म्हणून शालिग्रामनं नाकावरचा रुमाल घट्ट बांधला आणि राखेची टोपली पुढं ढकलली.

बारावा म्हणजे सकाळपासून ओकलेला बारावा मुलगा. आधीच्या काहींनी निदान तंबूबाहेर पळत जाण्याची मेहरबानी केली होती. या बाराव्यानं अंथरुणातच सगळं मोकळं केलं होतं आणि त्यातलं बरंचसं शेजाऱ्याच्या बुटात गेलं होतं. त्या बुटाचं वर्णन न केलेलंच बरं. शालिग्रामनं त्यात राख ओतली, बूट हातभर लांब धरला आणि तो खड्ड्याकडे निघाला.

१९६३ सालची नाताळची सुट्टी होती. खामगावबाहेरच्या एका शाळेच्या मैदानावर लूथरन ख्रिस्ती मंडळ्यांचा तरुण मेळावा भरला होता. जलंबला गाडी बदलून, गाणी म्हणत, छिंदवाडा-बैतुलपासूनची सहाशे मुलंमुली आली होती. चार दिवस प्रार्थना, भाषणं, खेळ आणि गाणी. मुलगे मैदानावरच्या तंबूंत आणि मुली शाळेच्या खोल्यांत राहत होत्या. आणि या सहाशे जणांची उष्टी, खरकटी आणि त्याहून वाईट गोष्टी काढायला होते सेवक, दंडावर निळी फीत बांधलेले.

सेवकांत तिघं शाळकरी होती. एस्तेर ही इथल्या पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, तेरा वर्षांची मुलगी. तिच्याकडे कायम एक वही असे आणि वहीत सगळ्यांची कामं लिहिलेली असत. कोकिळा तिच्याच वर्गातली, माळ्याची पोर. तिची आई कौशल्याबाई मेळाव्याची मुख्य स्वयंपाकीण होती. अकरा वर्षांचा शालिग्राम कोकिळाच्या शेजारचा. सेवकांना रोज जिलबी मिळते असं कुणीतरी सांगितल्यामुळं तो आला होता. त्याला मिळाला खराटा.

या कामाला माणसं हौसेनं कशी येतात, हे त्याला कळतच नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यातल्या नर्स रुक्मिणीबाई तर अकरा वर्षं सुट्टी काढून येत होत्या आणि संडासांच्या चरांचं काम मागून घेत होत्या. चरावर माती टाकता टाकता त्यानं त्यांना कारण विचारलं.

"दवाखान्यात पोरं मला पाहून पळतात, रे," त्या म्हणाल्या. "इथं पोट दुखलं की आपणहून माझ्याकडं येतात. चल, फावडं उचल."

शालिग्रामला हे काही पटलं नाही. माणसाला एवढीच हौस असेल तर त्यानं पंगतीत वाढावं, चरात कशाला उतरावं, असं त्याचं मत पडलं.

मेळाव्याच्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजारी मुलं एकोणीस झाली. तंबूंत असा आंबूस दर्प भरला की आत जाणारा माणूस पाठमोराच बाहेर येई. पाणी आणि स्वच्छता समितीचे प्रमुख वामनराव मात्र तंबूत शिरलेच नाहीत. पांढरीशुभ्र पँट, गळ्यात शिट्टी, कानात अत्तराचा फाया. ज्या घाणीचे ते प्रमुख होते तिच्यापासून ते दहा हात लांब राहत. तेवढ्या अंतरावरून त्यांनी निदान केलं की दोष स्वयंपाकघराचा. पितळी पातेल्यांना कल्हई नसणार, त्यात वांग्याची भाजी कळकली आणि मुलांना बाधली.

मग काय, जो तो स्वयंपाकघराकडे बोट दाखवायला लागला. सौसरहून आलेला एक उंच मुलगा पोट धरून सगळ्यांसमोर ओरडला की या बाईनं आम्हाला विष घातलं. पाळकसाहेब भले गृहस्थ होते, पण घाबरले होते. कौशल्याबाईंना त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की उद्या न्याहारीनंतर दुसरा आचारी येईल, तुम्ही घरी जा.

कौशल्याबाईंनी पातेली आडवी करून आतली कल्हई दाखवली, पण बघायला कुणी थांबलं नाही. पंचक्रोशीतल्या लग्नांत त्यांच्या हाताला मान होता. सहाशे पोरांना बाधलेली बाई म्हणून एकदा नाव झालं की कोण बोलावणार होतं? कोकिळाला आईचा खाली गेलेला चेहरा बघवेना. तिला त्या अत्तराच्या फायाची शिसारी आली. बुटातल्या ओकाऱ्यांची आली नव्हती तेवढी.

तिघं स्वयंपाकघरामागं बसली. एस्तेरनं वही उघडली. कोणत्या तंबूत कोण ओकलं, हे तिनं नीट टिपून ठेवलं होतं, कारण राख कुठं न्यायची हे तिलाच सांगावं लागत होतं.

"एकोणीसच्या एकोणीस मुलगे आहेत," ती म्हणाली. "मुलींच्या खोल्यांत एकही नाही."

"भाजी तं सगळ्यायनं खाल्ली," कोकिळा म्हणाली. "म्या सोताच वाढली मुलींले."

मग वेगळं काय होतं? विचार करायला फार वेळ लागला नाही. मुलींच्या खोल्या स्वयंपाकघराला लागून होत्या. त्या तिथल्या रांजणातलं पाणी पीत, आणि तो रांजण मागच्या लहानशा विहिरीवरून भरला जाई. ती विहीर सगळ्यांना पुरणारी नव्हती. म्हणून मुलग्यांसाठी तंबूंपाशी सहा लोखंडी पिंपं मांडली होती. ती पुंजाजी गाडीवाला आपल्या बैलगाडीतून आणलेल्या पाण्यानं भरत असे.

तिघं पिंपांपाशी गेली. पाणी स्वच्छ दिसत होतं. वर वाळ्याच्या जुड्या तरंगत होत्या आणि छान गोडसर वास येत होता. शालिग्राम ओंजळ भरणार, एवढ्यात कोकिळानं त्याचा हात धरला. "थंडीत कोनी वाळा टाकते का?"

खरंच की. वाळा उन्हाळ्यात टाकतात, पाणी गार आणि सुवासिक लागावं म्हणून. डिसेंबरात दात वाजत असताना वाळा कशाला? कोकिळानं बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत पिंपात घातला. बुडाशी बुळबुळीत गाळ होता. तिनं मूठभर गाळ वर काढला. तो काळाहिरवा होता, बोटांतून शेंबडासारखा ओघळत होता, आणि त्याचा वास नाकात जाताच एस्तेरनं तोंड फिरवलं.

गाळात एक लांब, मऊ धागा होता. कोकिळानं तो ताणून पाहिला. तिचे आजोबा दोर वळत. तो धागा आणि तो वास तिनं झोपेतही ओळखला असता. "अंबाडी हाय," ती म्हणाली. "सडवलेली."

अंबाडीचा वाख काढायचा तर तिच्या काड्यांच्या पेंढ्या साचल्या पाण्यात दगड ठेवून बुडवतात. पंधरा दिवसांत साल सडते आणि सुटून येते. पाण्याची मात्र पार वाट लागते. मासे पोट वर करून तरंगतात. तहानलेली म्हैस काठावर येते, हुंगते आणि माघारी फिरते.

हे पाणी येतं कुठून ते दाखवल्याशिवाय मोठी माणसं ऐकणार नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी उजाडताच पुंजाजीनं गाडी जुंपली, तशी तिघं अंतर ठेवून मागं निघाली. चांगली विहीर दीड मैलावर होती. पण सरकी काढायच्या कारखान्यापाशी गाडी सरळ न जाता डावीकडे नाल्याकडे वळली. तिथं एक डोह होता. तो दिसण्याआधीच त्याचा वास आला.

शालिग्राम नीट बघायला म्हणून काठावर गेला आणि चिखलावरून घसरून सरळ आत गेला. पाणी कमरेएवढंच होतं, पण त्याला पाणी म्हणायला जीभ वळली नसती. पायाखाली सडक्या पेंढ्या फसफसत दबल्या आणि बुडबुडे वर आले. प्रत्येक बुडबुडा फुटला की नासक्या अंड्यांचा वास सुटे. एक फुगलेला मासा त्याच्या पोटाला येऊन टेकला. तोंडात गेलेलं त्यानं थुंकलं, परत थुंकलं आणि मग पोटात होतं ते सगळंच बाहेर काढलं.

पुंजाजीनंच हात देऊन त्याला वर ओढलं. चोरी पकडली गेली होती, पण तो रागावला नाही. उलट खाली मान घालून उभा राहिला. कोकिळानं त्याला सरळच विचारलं की हे पाणी पोरांना पाजताना काही वाटलं नाही का.

"म्या म्हनलं होतं ना, पोरी," तो म्हणाला. "वामनराव म्हने दिवसाले बारा खेपा पाह्यजे. त्या विहिरीवरून सातच होऊन राह्यल्या. म्या सांगतलं, डोहाचं पाणी वास मारते. ते म्हने, तुरटी फिरवली का पाणी शुद्ध होते, वरून वाळा टाकू."

"ते सोता पेतात का हे पाणी?"

"नाई. त्यायचं घरून येते, फिरकीच्या तांब्यात."

हे सगळ्यांसमोर सांगशील का, असं एस्तेरनं विचारलं. पुंजाजीनं डोकं हलवलं. मोठ्या माणसाविरुद्ध गाडीवाल्याचं कोण ऐकणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. परतीच्या वाटेवर शालिग्रामपासून सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूनं चालत होते. शाळेचं फाटक आलं तेव्हा कोकिळा म्हणाली की कुणी काही सांगायची गरजच नाही.

मेळाव्यात रोज न्याहारीआधी एका सेवकाचा मान होई. त्याला हार घालत, मुलं टाळ्या वाजवत. कोणाचा मान करायचा ते एस्तेरच्या वहीत असे. त्या सकाळी तिनं ध्वनिक्षेपकावरून वामनरावांचं नाव पुकारलं. वामनराव शिट्टी सावरत मंचावर आले. हार पडला. कौशल्याबाई आपला झारा फडक्यात बांधून, घरी जायला निघालेल्या, मागं खांबाशी उभ्या होत्या.

"वामनरावकाकांनी आपल्याला पाणी दिलं," एस्तेर म्हणाली. "तर आज त्या पाण्याचा पहिला पेला त्यांनी घ्यावा, अशी आमची विनंती आहे."

कोकिळानं पिंपातलं पाणी काढून पेला पुढं केला. सहाशे जणांनी टाळ्या वाजवल्या. वामनरावांनी पेला घेतला, तोंडाजवळ नेला आणि खाली घेतला. सर्दी आहे, असं ते पुटपुटले. टाळ्या चालूच होत्या. त्यांनी पुन्हा पेला वर नेला. ओठ मिटलेलेच होते. मग म्हणाले की पाणी जेवणानंतर घ्यायची त्यांची सवय आहे. टाळ्या हळूहळू थांबल्या. पाळकसाहेब पुढं वाकून बघायला लागले.

तेव्हा कोकिळानं आपल्यासाठी दुसरा पेला भरला. "असू द्या, काका. मी पेतो तुमच्याबदली," ती म्हणाली आणि तिनं पेला ओठाला लावला.

"नको," वामनराव म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं. "पोरी, ते पिऊ नको."

"काऊन?"

वामनराव तिचं मनगट सोडून मंचाच्या पायरीकडे सरकले. तेवढ्यात शालिग्राम, डोहातून निघाला तसाच, मंचाजवळ येऊन उभा राहिला आणि पहिल्या चार रांगा नाक दाबून उठल्या. रुक्मिणीबाईंनी वामनरावांच्या हातातला पेला घेऊन हुंगला, मग शालिग्रामला हुंगलं. दोन्ही वास एकच आहेत, असं त्यांनी मोठ्यानं सांगितलं. पाळकसाहेब उठले आणि त्यांनी स्वतः एक पिंप आडवं केलं. वाळ्याच्या जुड्या वाहून गेल्या आणि मागोमाग काळा गाळ धपकन जमिनीवर पडला. जी मुलं दोन दिवस ते पाणी प्यायली होती, त्यांतली कित्येक जागच्या जागी ओकली. त्याला आता इलाज नव्हता.

बाकी सगळं पुंजाजीनंच, न विचारता, पुढं येऊन सांगितलं.

पाळकसाहेब खांबापाशी गेले. सर्वांसमोर त्यांनी कौशल्याबाईंपुढं हात जोडले. शहानिशा न करता तुमच्यावर ठपका ठेवला, माझी मोठी चूक झाली, असं ते म्हणाले. सगळ्यांना वाटलं, बाई आता रडतील किंवा चार शब्द सुनावतील. सुनावले असते तरी कुणाची हरकत नव्हती.

"माफीचं राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या पोट्ट्यायच्या पोटात कालपासून काई नाई. आधी पेज टाकतो."

त्यांनी झारा फडक्यातून सोडला आणि चूल पेटवली. तासाभरानं त्या पेजेची बादली घेऊन तंबूत शिरल्या, जिथं वामनराव एकदाही शिरले नव्हते. सौसरच्या त्या उंच मुलानं कनातीकडे तोंड केलं. त्यांनी त्याला उठवून बसवलं, मांडीवर वाटी ठेवली आणि मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं. त्यानं मान हलवली आणि खाली बघत सगळी वाटी संपवली.

दुपारी शंभर मुलं रांगेनं चांगल्या विहिरीवर उभी राहिली आणि बादल्या हातोहात गाडीत चढू लागल्या. इकडं तिघं सेवक पिंपांत अर्धं अंग घालून राखेनं आणि काथ्यानं बुळबुळ खरवडत होती. शेजारच्या पिंपात वामनराव होते. त्यांना कुणी शिक्षा केली नव्हती, ते आपणहूनच बाह्या सरसावून आले होते. दर दोन मिनिटांनी ते ओकारी दाबत. "तोंडानं श्वास घ्या, काका," शालिग्रामनं त्यांना अनुभवानं सांगितलं.

तेवढ्यात मंडपातून ध्वनिक्षेपकावर तिघांची नावं पुकारली गेली. या मुलांच्या नाकानं आणि धिटाईनं मेळावा वाचला, त्यांनी मंचावर यावं, असं पाळकसाहेब सांगत होते. शालिग्रामनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते कोपरापर्यंत काळे होते.

"एवढं पिंप होऊ दे," तो म्हणाला. "अर्धं टाकून काऊन जाचं?"

नावं तीनदा पुकारून झाली तरी कुणी येईना. शेवटी पाळकसाहेब आणि त्यांच्यामागं निम्मा मंडपच पिंपांपाशी आला. पाळकसाहेबांनी एस्तेरच्या डोक्यावर थाप दिली, कोकिळाला शाबासकी दिली आणि शालिग्रामशी हात मिळवायला हात पुढं केला. शालिग्रामनं आपला हात मागं नेला. तो मळलाय, असं त्यानं सांगितलं. पाळकसाहेबांनी तो चिकट, घाणेरडा हात दोन्ही हातांत घेतला, आणि सोडायची काही घाई केली नाही.