विणलेला साप

"नवा गीझर कशाला? हाच साफसूफ केला की झालं!" अंकल एमिर ओरडले.

"गेल्या ईस्टरलाही तू हेच म्हणाला होतास," टाइड म्हणाले. नेरिस आणि तिचा भाऊ गेथिन आजोबांना टाइड म्हणत. "उघडून तरी बघितलास का?"

"बघतो हो!" म्हणत अंकल पबकडे पसार झाले.

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या जुनाट कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, पावसानं सगळ्यांना कोंडून घातलं होतं. कोपऱ्यात मॉटची टोपली अजून होती. हा म्हातारा कुत्रा गेल्या ईस्टरला तिच्यातच झोपेत गेला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. धाकटा गेथिन मात्र तेव्हापासून चॉकलेटला शिवत नसे. का, ते कुणालाच कळेना.

"पायांना गार वारा झोंबतो मेला!" टाइडनी लोकरीचा लांबलचक साप टोपलीमागे जमिनीवर पुन्हा दाबून बसवला. असे साप तिकडे घरोघरी वारा अडवायला असतात. मग ते अंघोळीला गेले.

नेरिसचं डोकं ठणकत होतं. "गेथिन, तुझंही दुखतंय? मग काल किनाऱ्यावरही दुखत होतं?"

"तिथे नव्हतं! आत आलो आणि सुरू झालं."

नेरिस गॅसच्या गीझरपाशी गेली. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती! वरच्या भिंतीवर काजळी धरली होती.

न्हाणीत टाइड मोठ्यानं भजनं म्हणत होते. आवाज मध्येच थांबला. पाणी मात्र पडतच राहिलं.

"टाइड!"

नेरिसनं हाक मारत दार ठोठावलं. "गेथिन, दारं-खिडक्या उघड! बाहेर जाऊन सिलिंडर बंद कर! आणि मग अँब्युलन्सला फोन!"

तिनं न्हाणीचं दार ढकललं. टाइड खाली कोसळले होते. त्यांच्या अंगावर टॉवेल टाकून, काखेत हात घालून ती त्यांना खेचू लागली. तेवढ्यात गेथिनही धावत आला. ओढताना पाय अडकून साप बाजूला सरकला, आणि खालून गार हवेचा झोत आला. जमिनीत जाळीचं भोक होतं, हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेलं!

टाइडना हॉस्पिटलात नेलं, आणि ते वाचले. "थोडा उशीर झाला असता, तर आम्हीही हात टेकले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाबास पोरांनो! जुना गीझर धड जळत नव्हता. त्यात हवेची वाट बंद. विषारी वायू आतच साठला."

अंकल एमिर खाली मान घालून उभे होते. "तो गीझर मी आजच उपटून टाकतो. नवाच बसवू."

टाइड पलंगावर उठून बसले. "गेल्या ईस्टरलाही साप तिथेच होता. आपण बाहेर भटकायचो, मॉट मात्र दिवसभर त्याच्या शेजारीच निजून असायचा. म्हातारपणानं नाही गेला रे तो. माझ्यामुळे गेला."

गेथिननं एकदम वर बघितलं. "म्हणजे... मी त्याला चॉकलेटचं अंडं दिलं होतं, त्यानं नाही गेला? कुत्र्यांना चॉकलेट विषारी असतं ना!"

वर्षभर पोरानं हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं! टाइडनी हात पसरले, आणि गेथिन त्यांच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडला.