कठड्याची फेरी

बसा. मिर्तो, तू शेगडीजवळ सरक, हात निळे पडलेत तुझे. आणि स्टेर्गिओस, आता मिरवणं पुरे कर, बाबा. संध्याकाळपासून ऐकतोय, अपघातातली गाडी हटवून एकोणीस मिनिटांत लेन उघडली, एकोणीस मिनिटांत. छान केलंस. कठड्याची फेरी मारलीस का?

"काका, धुक्यात खाली काय डोंबल दिसणार?"

बरं. मग चहा ओत सगळ्यांना. बर्फ लोटायची गाडी निघायला अजून तासभर आहे, तेवढ्यात एक ऐका. माझी गोष्ट नाही ही. अर्गिरिसची आहे. ज्याच्या हाताखाली तुम्ही शिकताय, तोच. तो आत्ता बाहेर रस्त्यावर आहे म्हणून सांगतोय. त्याच्यासमोर विषय काढायचा नाही.

एका टायरचा तुकडा उचलायचा होता. एवढंच काम. १६ फेब्रुवारी २०२३, बुधवार संपून गुरुवार लागला होता, रात्रीचा एक वीस. एका ट्रकवाल्याचा फोन आला की एकशे आठव्या किलोमीटरला, दोन बोगद्यांच्या मधे, टायरचा तुकडा पडलाय. मी कंट्रोल रूममध्ये. अर्गिरिसचा जोडीदार तापाने घरी पडलेला. म्हटलं, एकटाच जा, पाच मिनिटांचं काम आहे. डावी लेन बर्फाने बुजली होती, उजवी तेवढी चालू. ती बंद करायची म्हणजे अख्खा रस्ता बंद. मी बोगद्यावर लाल फुलीचा सिग्नल लावला आणि मागे ट्रक साचायला लागले. सगळे इगुमेनित्सा बंदरातली बोट गाठणारे. त्यांचे हॉर्न तुम्हाला माहीतच आहेत.

अर्गिरिस 'हो' म्हणाला, पण उशिराने. एकशे आठ म्हटलं की तो असाच गप्प व्हायचा. त्याचं कारण आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २२ जानेवारी, शनिवार, रात्री अकरा चाळीस. त्याच जागी ट्रक आडवा झाला होता. मागून एक छोटी गाडी आदळली, फिरली, कठड्याला लागली. आत एक माणूस बेशुद्ध. रुग्णवाहिका त्याला घेऊन यानेनाच्या दवाखान्यात गेली. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. अर्गिरिसने ट्रक ओढून घेतला, काचा झाडल्या, तेल पुसलं. त्याच्याइतका चलाख माणूस या खिंडीत कुणी नव्हता. त्या वेळी या भिंतीवर एक फळा होता. तो खिळा दिसतोय ना, तिथे. कोणी किती मिनिटांत लेन उघडली ते मी खडूने लिहायचो. सगळ्यात वर कायम अर्गिरिस. आणि त्याचा मला त्याच्याहून जास्त माज.

छोटी गाडी ओढायच्या आधी त्याने आतलं आवरलं. पुढे कॉफीचे दोन कप होते. एक सांडलेला. दुसरा भरलेला, झाकणासकट. एकाच्या झाकणावर बिनसाखरेची खूण, दुसऱ्याच्या झाकणावर गोडची. आता तूच सांग मिर्तो, एकटा माणूस एक कडू आणि एक गोड कॉफी घेतो का?

"नाही घेत काका. दोघं असतात."

बरोबर. शेंबड्या पोराला कळतं. त्यालाही कळलं. नंतर मला म्हणाला, "झिसिस, माझा हात थांबला होता रे. एक क्षण. कप हातात, आणि वाटलं, ही गोडवाली कुठंय?" आणि नेमका त्याच क्षणी वॉकीटॉकीवर माझा आवाज. "अर्गिरिस, सत्तावीस मिनिटं झाली. फेरी राहू दे. उघडतोय मी."

त्याने दोन्ही कप कचऱ्याच्या पिशवीत टाकले. मी बटण दाबलं. हिरवा बाण लागला. फळ्यावर अठ्ठावीस लिहिलं आणि खडूने खाली रेघ ओढली. ती पिशवी सोमवारी कचऱ्याच्या गाडीत गेली. मी स्वतः चढवली. हे लक्षात असू द्या.

तो माणूस रविवारी दुपारी शुद्धीवर आला. पहिला प्रश्न, "पोलिक्सेनी कुठंय?"

त्याची बायको. तिला काहीच लागलं नव्हतं हो! मागून ट्रक येऊन चिरडतील म्हणून ती शहाणी बाई गाडीतून उतरली आणि कठड्याच्या पलीकडे गेली. आपणच सांगतो ना लोकांना, कठड्यापलीकडे उभे राहा म्हणून? तिने तेच केलं. तिथे पलीकडे जमीन नाही, हे धुक्यात दिसलं नाही. बारा मीटर खाली, पाइनच्या बुंध्याशी सापडली. एक पाय मोडलेला. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, दोन तास होती, कदाचित तीन. मग थंडीने गेली.

दोन तास, पोरांनो. तिने आमचं सगळं ऐकलं असणार. ट्रक ओढताना, झाडताना, वॉकीटॉकीवर बोलताना. तिनेही हाका मारल्याच असतील, पण इंजिनं चालू असताना कुणाला काय ऐकू येणार? आणि मग तिच्या डोक्यावरून ट्रक जायला लागले. मी सोडलेले.

चौकशी झाली. कागदावर कुणाची चूक निघाली नाही. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी अर्गिरिस तिच्या गावच्या चर्चमध्ये गेला आणि अंगणातच उभा राहिला. कुणा म्हातारीने, हा कोण हे न विचारताच, प्रसादाचे उकडलेले गहू त्याच्या ओंजळीत घातले. त्याच्याने खाववेनात. खिशात घालून इथे आला आणि या टेबलाशी बसून राहिला. मी गेलोच नव्हतो. मला धीर झाला नाही.

त्यानंतर तो बाकी सगळीकडे फेरी मारायचा. लेन उघडण्याआधी कठड्याच्या कडेने चालत, दर दहा पावलांना वाकून खाली बॅटरी मारत. फक्त एकशे आठला नाही. तिथे जोडीदाराला पाठवायचा. तिथे त्याचा पायच उचलायचा नाही.

तर ती टायरच्या तुकड्याची रात्र. जोडीदार नाही. एकशे आठ.

बोगद्याच्या तोंडावर आपला कॅमेरा आहे, त्यात मला तो दिसत होता. पिवळी गाडी, वरचा दिवा फिरतोय, वारा बर्फ उडवतोय. त्याने तुकडा उचलला, गाडीत मागे टाकला.

"मिळाला. हातभर आहे."

"मग उघडू?"

तो कठड्याकडे बघत उभा.

"अर्गिरिस, बोट चुकली तर हे ट्रकवाले मला फाडून खातील. उघडू का?"

"फेरी राहिलीय."

"अरे टायरचा तुकडा आहे. अपघात कुठे झालाय?"

खरं सांगतो, मला त्याची दया येत होती म्हणून मी तसं म्हणालो. थोडी दया, थोडी घाई. किती कुठली ते आता मलाही सांगता यायचं नाही. तो गाडीत बसला. दार लावलं.

"...उघड," म्हणाला.

मी बटणावर बोट ठेवलं. सवयीने एकदा पडद्याकडे बघितलं.

कठड्यावर कुणीतरी बसलं होतं.

माझ्याकडे पाठ. पाय पलीकडे सोडलेले. केस वाऱ्यात हलत नव्हते. बाकी सगळं हलत होतं.

"अर्गिरिस, तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

"कठड्यावर बघ."

"..."

"तुझ्यापासून वीस पावलं. बसलंय कोणीतरी."

"झिसिस, थट्टा करू नकोस. या जागी नको."

"मी थट्टा करत नाही रे!"

मग वॉकीटॉकी खरखरली. थांबली. आणि बाईचा आवाज आला. किंचाळणं नाही, रडणं नाही. दुकानात आपला नंबर यायची वाट बघत उभी असलेली बाई बोलेल ना, तसा.

"अजून उघडू नका. खाली माणूस आहे."

...

माझं बोट बटणावर. ते हलेना. खालीही नाही, वरही नाही.

त्यानेही ऐकलं होतं. मला दिसलं, त्याने क्रॉसची खूण केली. गाडीतच. मग दार उघडलं. उतरला. उभा राहिला.

एक पाऊल. थांबला.

दुसरं.

ती हलली नाही.

मागे हॉर्न. एकावर एक. मी पडद्याचा आवाज बंद केला. तो कठड्याशी पोचला. तिच्यापासून हातभर. तिच्याकडे बघत नव्हता तो. खाली बघत होता. वाकला. बॅटरी लावली.

वारा उठला. पडदा पांढरा झाला.

मोजलं नाही मी. घड्याळ समोर होतं, तरी मोजलं नाही. पडदा निवळला, तेव्हा कठडा रिकामा. ती नाही.

तोही नाही.

"अर्गिरिस."

...

"अर्गिरिस, बोल रे काहीतरी."

...

"अर्गिरिस, लेका!"

मी रडत होतो. आता लपवून काय उपयोग? मला वाटलं, घेऊन गेली त्याला. आणि न्यायचं तर मला न्यायला हवं होतं. बोट माझं होतं.

मग आवाज. धापा टाकत. त्याचाच.

"झिसिस... रुग्णवाहिका. आणि दोर. जिवंत आहे."

इलिर नावाचा पोरगा. अल्बानियाचा, चीजची छोटी व्हॅन चालवायचा. टायर फुटला त्याचाच. आपण लोटलेला बर्फ कठड्याच्या उंचीपर्यंत साचून दगडासारखा झाला होता. व्हॅन त्यावरून चढली आणि पलीकडे गेली. कठड्याला ओरखडाही नाही. चाकांच्या खुणा वाऱ्याने बुजवल्या. वर उरला फक्त तो तुकडा. मी लेन उघडली असती तर सकाळी फळ्यावर लिहिलं असतं, आठ मिनिटं. ट्रक दीड तास अडकले. बोट चुकली बऱ्याच जणांची. शिव्या खाल्ल्या मी पोटभर. इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मी इलिरला बघायला गेलो. कंबरेचं हाड मोडलेलं, पण तोंड चालू. म्हणाला, "काका, तुमच्या त्या बाईंना माझा निरोप सांगा."

म्हटलं, कुठल्या बाई?

"माझ्याजवळ बसल्या होत्या त्या. झोपू नकोस म्हणत होत्या सारख्या. मी म्हटलं, कोणी येणार आहे का? तर म्हणाल्या, येतील. ते आधी रस्ता उघडतात, मग येतात."

पोरांनो, मी तिथे खुर्चीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. भीती नव्हती. लाज होती. तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. इथे आलो आणि फळा उतरवला. तेव्हापासून कुणाची मिनिटं कोणी लिहिलेली नाहीत. म्हणून विचारलं तुला स्टेर्गिओस, फेरी मारलीस का. तुझं एकोणीसचं कौतुक मला करवत नाही. धुकं होतं म्हणतोस. तिथे पण धुकंच होतं.

"...काका, आजच्या त्या गाडीचं मागचं दार उघडं होतं."

मग?

"आदळल्यावर उघडलं असेल, असं वाटलं. ड्रायव्हर काही सांगायच्या स्थितीत नव्हता."

...

ऊठ. मोठी बॅटरी घे, ती लहान नको. मिर्तो, तू दोर घे. मी अर्गिरिसला कळवतो, तो वाटेत तुम्हाला गाठेल. आणि लाल फुली लावतो आत्ताच. ट्रक थांबू देत.

एक मिनिट. बूट घालता घालता त्या फळीवरचा कप खाली काढ. हळू. अर्गिरिस खाली पोचला तेव्हा हा कप इलिरच्या दोन्ही हातांत होता. भरलेला, आणि वाफ निघत होती. जवळात जवळचं कॉफीचं दुकान यानेनाला. पोरगा म्हणाला, माझा नाही, मी कॉफी पीत नाही, त्या बाईंनी धरायला दिला, हात गार पडू नयेत म्हणून. झाकणावर खूण कुठली आहे?

"गोडची."

बाजूला दुकानाची चिठ्ठी चिकटलीय. दिव्याजवळ धर, शाई पुसट झालीय. तारीख वाच.

"...बावीस जानेवारी. रात्री दहा पंचावन्न."

साल?

"..."

वाच, स्टेर्गिओस.

"दोन हजार बावीस."