उसना आवाज

कुलपांच्या दुकानातली ती मुलगी त्या दुपारी विद्यापीठात गेली, ती फक्त ग्रंथालयाचा जाडजूड लॅटिन शब्दकोश परत करायला. व्याख्यानाच्या दालनावरून जाताना तिला स्वतःचीच वाक्यं ऐकू आली. तिच्या लॅटिनच्या सरांच्या तोंडून.

ती दारातच थांबली. एका प्राचीन थडग्यावरच्या लॅटिन लेखाचं ते भाषांतर. रूपं घोकून, आधी क्रियापद पकडून मग कर्ता धुंडाळत, वर्षभर खपून तिने ते उभं केलं होतं. थडग्यातली बाई नवऱ्याने कोरलेल्या स्तुतीवर चिडून बोलते आहे, हा अर्थही तिनेच लावलेला. तेव्हा सर भर वर्गात हसले होते. कुलपं विकणाऱ्यांनी काव्यात किल्ल्या फिरवू नयेत, म्हणाले होते. आणि आज तेच आपल्या नावावर खपवत होते! बाजारात कुणी वजनात मारलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. इथे अख्खा माल लंपास, आणि वर टाळ्या.

याच कामावर तिची शिष्यवृत्ती ठरायची होती. ती हुकली की शिक्षण संपलं, आईशेजारी गल्ल्यावर बसायचं.

तिडीक मस्तकात गेली. ती थेट आत शिरली.

"हे माझं आहे."

सर समजूतदारपणे हसले. पुढच्या रांगेतल्या विभागप्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. तिथली रीत अशी, की भाषांतरावर वाद झाला तर दावा करणाऱ्याने मूळ लेख मोठ्याने वाचायचा. मेजावर संग्रहालयातून आणलेला थडग्यावरचा तो दगडच ठेवला होता. बाईंनी तिला त्याच्यापुढे उभं केलं.

सर उच्चारांची टर उडवत, म्हणून तिने आजवर तो लेख मनातच वाचला होता. शेवटची ओळ होती : वाटसरू, थांब. मला आवाज नाही, तुझा दे. ही थडग्यांवरची रूढ विनंती आहे, शब्दशः घेऊ नये, असं टिपणही तिने ऐटीत लिहिलं होतं.

सरांच्या डोळ्यांत डोळे घालून ती संतापाने वाचू लागली. दालन हळूहळू गार पडत गेलं. ओल्या मातीचा वास सुटला. नजर पोचण्याआधीच शब्द ओठांवर येऊ लागले... स्वच्छ, सफाईदार, जन्मभर बोलल्यासारखे. सर भिंतीला टेकले.

"भाषांतर कुणाचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"माझं..."

आवाज कुणा प्रौढ बाईचा होता, रागाने घोगरा झालेला. मुलीने जीभ हलवलीच नव्हती.

शिष्यवृत्ती तिलाच मिळाली. सर दीर्घ रजेवर गेले. पोरीच्या बोलण्याला काय वजन आलंय, असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणतात, आणि आई मान डोलावते. एकदाच आई शेजारच्या शिंपीणबाईंच्या कानाशी लागली.

"बोलते छान हो. पण मी लाडाच्या नावाने हाक मारली ना... की तिचे ओठ मिटलेलेच असतात. आणि ओ येते... तिच्या जुन्या आवाजात... फरशीच्या खालून."