नकाशात नसलेलं घर

संग्रहालयात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. चष्मा जाड, पण नजर घारीची. त्या आठवड्यात तिच्यापुढे चढाई करून आलेल्या सैन्याचे जुने नकाशे होते: फौज कुठून शिरली, कुठले पूल धरले, शहर ताब्यात आल्यावर कुठल्या घरांची झडती घेतली. खालून उजेड देणाऱ्या काचेवर जुना नकाशा, त्यावर पातळ पारदर्शक कागद, आणि त्या कागदावर पेन्सिलीनं आजचं शहर. काम किचकट, पण तिचा हात बसलेला.

त्यात आईच्या गल्लीचा नकाशा निघाला. आई जन्मापासून त्याच घरात राहत होती. ताब्याच्या दिवसांत सैनिक नकाशा बघत यायचे, दारावर खडूनं चौकोन काढायचे, आणि चौकोनाच्या घरातली माणसं पुन्हा दिसायची नाहीत. अख्खी गल्ली ओस पडली. आईच्या दारावरून मात्र ते नुसती भिंत असावी तसे पुढे गेले. "ज्यानं वाचवलं त्याचे आभार मानायचे राहिलेत गं," आई अजूनही म्हणायची. "त्याशिवाय माझा जीव सुखानं जायचा नाही."

नकाशात आईचं घर नव्हतंच. शेजारची दोन्ही होती, मधे कोरी जागा. भिंग लावलं तेव्हा दिसलं, तिथला कागद पात्यानं हलकेच खरवडलेला होता. सैन्यानं कामाला जुंपलेल्या कुणा आरेखकानं जिवावर उदार होऊन ते एक घर नाहीसं केलं होतं. तिला भरून आलं. त्या अनोळखी माणसाला तिनं तिथंच मनापासून हात जोडले.

पण सवय वाईट. सुटलेलं घर भरायचं, हा तिच्या कामाचा पहिला धडा. डोळे पुसता पुसता तिनं पारदर्शक कागदावर, त्या कोऱ्या जागी, घराच्या रेघा ओढायला घेतल्या. तीन झाल्या आणि फोन वाजला.

"अगं, दार वाजतंय," आई कुजबुजली.

"कोण आहे?"

"खूप जण आहेत. बुटांचा आवाज येतोय. भर दुपारी गल्ली इतकी गप्प कशी गं?"

फोनमधून ठोके तिलाही ऐकू आले. मग कडी हलली.

तिची नजर हातातल्या पेन्सिलीवर गेली.

तिनं खोडरबर उचलला आणि तिन्ही रेघा खसाखसा पुसून टाकल्या.

ठोके थांबले.

"गेले," आई म्हणाली.

ती धापा टाकत घरी पोचली, तेव्हा आई दारात उभी होती. थकलेली, पण चेहरा उजळलेला.

"तुझ्या त्या नकाशांतून कळलं का गं, मला वाचवणारा कोण होता तो?"

"नाव नाही कळलं, आई. पण होता एक जण. त्यानं आपलं घर नकाशातून पुसलं होतं."

आईनं डोळे मिटून हात जोडले. "देव त्याचं भलं करो. आज मोकळी झाले बघ."

ती आईला धरून आत न्यायला वळली. दारावर खडूच्या तीन ताज्या रेघा होत्या.