बिल्ल्याची पांढरी बाजू

बर्फ बघायला येणारी माणसं दोन प्रकारची. काही खरंच बर्फ बघतात. बाकीची बर्फाला पाठ करून स्वतःचे फोटो काढून घेतात. आमचे भाऊजी दुसऱ्यांतले. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण, पहिल्यांतली. मी कशातच नाही. मी माणसं बघते. सगळी नोकरी गोदामात मालतपासनीस म्हणून गेली. कागदावर पोती आहेत म्हणजे गोदामात आहेत असं नसतं, एवढं एकच शहाणपण घेऊन मी निवृत्त झाले.

जहाज बुटकं आणि दणकट होतं. तळमजल्यावर बुटांची खोली. तिथे जंतुनाशकाचा आणि ओल्या रबराचा वास कायम कोंडलेला. प्रत्येकाची एक खुंटी, खुंटीवर लाल जाकीट, खाली उलटे टांगलेले गुडघाभर बूट. दाराशी एक फळा आणि त्यावर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. किनाऱ्यावर उतरताना बिल्ल्याची लाल बाजू वर करायची, परतल्यावर पांढरी. फळा पूर्ण पांढरा झाला की जहाज निघणार.

"ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा," मोहिमेची प्रमुख बाई सांगत होती. तिच्या गळ्यात सतत शिट्टी, म्हणून आम्ही तिला शिट्टीवाली म्हणायचो. "नवऱ्याने बायकोचा नाही, आईने मुलाचा नाही."

"आमच्याकडे दोघांचं सगळं मीच बघतो हो," भाऊजी म्हणाले.

"हो ना, श्वास तेवढा माझा मी घेते," धाकटी म्हणाली आणि सगळे हसले.

ती अशीच. तोंडाला कुलूप नाही. लहानपणी आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि दिवे मालवल्यावरसुद्धा तिचं बोलणं थांबत नसे. शेवटी वडील ओरडले, तेव्हा आम्ही टकटक सुरू केली. तिची बोटांनी दोनदा, मग श्वासभर थांबून एकदा: जागी आहेस का? माझं उत्तर एकच, तळहाताची थाप: आहे, झोप आता. थाप ऐकल्याशिवाय तिला झोप लागत नसे. ऐकली की पुढच्या क्षणी गाढ. याही जहाजावर आमच्या खोल्या शेजारी होत्या, आणि साठी उलटलेल्या आम्ही दोघी पहिल्या दिवसापासून भिंत वाजवत होतो. भाऊजींना वाटे, नळ वाजतोय.

त्या दिवशी काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. पेंग्विनांचा कलकलाट, कुजक्या मासळीचा वास. धाकटी एका खडकाला टेकून बसली होती.

"तायडे, हा बघ! शेजाऱ्याच्या घरट्यातला दगड पळवतोय. तुझ्या गोदामात खपला असता."

माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. "चल परत," मी म्हटलं.

"तू हो पुढे. मी आलेच."

मी पहिल्या रबरी होडीने परतले. बूट धुतले, बिल्ला उलटला. वर जाऊन चहा घेईपर्यंत धुकं खाली उतरलं आणि वारा बर्फाच्या लाद्या किनाऱ्याकडे ढकलू लागला. खालून शिट्टीवर शिट्टी ऐकू येत होती. होड्या घाईघाईने आल्या, जहाज थरथरलं, निघालं.

शेजारच्या खोलीत भाऊजी एकटेच मोजे वाळत घालत होते.

"ही कुठाय?"

"वर असेल. दुसऱ्या होडीतून आली ना."

"तुम्ही पाहिलंत?"

"बिल्ला पांढरा आहे की," ते म्हणाले. मग मोजा हातात धरून जरा थांबले. "म्हणजे, मीच केला. माझ्याबरोबर तिचाही."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. तिची खुंटी मोकळी होती. जाकीट नाही, बूट नाहीत.

शिट्टीवालीचा हात धरून मी तिला ओढतच वर नेलं. आणि दिवाणखान्यात, खिडकीशी, धाकटी बसलेली.

"बघा! उगाच घाबरवलंत," मागोमाग आलेले भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

मीही आधी सुटल्यासारखी तिच्या शेजारी बसले. तिचे केस कोरडे होते. ती काचेला नाक लावून बाहेर बघत होती.

काचेवर वाफ धरत नव्हती.

"तुझे बूट कुठे आहेत गं?"

"आहेत ना, ताई."

मला ताई भाऊजी म्हणतात. ती तायडे म्हणते. रागावली तर नुसतं ए.

"बूट अदलाबदल होतात, प्रत्येक सफरीत," शिट्टीवाली समजुतीने म्हणाली. मी टेबलावर बोटांनी वाजवलं. दोनदा, मग थांबून एकदा. धाकटीने माझ्या बोटांकडे पाहिलं, लहान मूल नवं खेळणं बघतं तसं.

"याचं उत्तर काय? सांग. काय असतं उत्तर?"

ती हसली. गोड हसली.

"हे असतं!" मी ओरडले आणि टेबलावर तळहात आपटला. कप उडाले. लोक वळून बघू लागले.

मी कप्तानापुढे अक्षरशः पदर पसरला. माझी बहीण किनाऱ्यावर आहे, जहाज वळवा. तो वाईट माणूस नव्हता. मागे पाण्यावर लाद्या एकमेकींना जुळत चालल्या होत्या. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, फळा पांढरा आहे. माणूस समोर बसलाय. मी जहाज कुणासाठी वळवू?"

मागच्या डेकवरून दुर्बिणीत पाहिलं. धुकं एका जागी फाटलं होतं. काळ्या गोट्यांवर एक लाल ठिपका, उभा.

"वाटेवरचं निशाण असेल," शिट्टीवाली म्हणाली.

"निशाणं तुम्ही परत आणता. तुम्हीच सांगितलं होतंत."

तिने दुर्बीण घेतली. बराच वेळ बघितलं. धुकं पुन्हा मिटलं होतं. "आता काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि माझ्या नजरेला नजर न देता आत गेली.

दिवाणखान्यात भाऊजी खिडकीशी बसलेलीचा हात हातात घेऊन बसले होते.

"गार आहे ना?" मी विचारलं.

"बाहेरून आलीय."

"भाऊजी, तुम्हालाही कळतंय."

ते मला दाराशी घेऊन आले. "ताई, बिल्ला मी उलटला. ही ती नसेल तर मी काय केलं, सांगा ना? म्हणून ही तीच आहे." आणि ते परत जाऊन तिच्या शेजारी बसले. तिच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली.

तिथे सूर्य मावळत नाही. जाड पडदा ओढला की त्याला झोपायची वेळ म्हणायचं. माझ्या खोलीच्या एका भिंतीपलीकडे त्यांची खोली. दुसरी भिंत म्हणजे जहाजाचं पोट. तिच्यापलीकडे फक्त पाणी. बर्फाचे तुकडे तिला घासत जात, त्या आवाजाची सवय झाली होती.

हा घासण्याचा आवाज नव्हता.

टकटक. श्वासभर थांबून, टक.

पाण्याच्या बाजूने.

मी उठून बसले. पुन्हा झालं. सावकाश, बोटं बधिर झाल्यासारखं. मी हात उचलला आणि तसाच धरून राहिले. थाप म्हणजे झोप आता. तिला आता झोपू द्यायचं नव्हतं. आधी कप्तानाला आणायचं, त्याचा कान या भिंतीला लावायचा.

मी चपला शोधत होते.

तेवढ्यात भाऊजींच्या खोलीकडून, भिंतीवर, तळहाताची थाप पडली.

एकच. अगदी माझ्यासारखी.

मी पाण्याकडच्या भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या, हाका मारल्या, मग श्वास रोखून कान लावला.

पलीकडे आता काही वाजत नव्हतं. तिला उत्तर मिळालं होतं.