सांधेकडी गेली कुठे?

भांडारी कधी खोटं बोलत नाही. मग कप्पा रिकामा कसा?

जुईची वसुधाआत्या शास्त्रज्ञ. जयसिंगपूरच्या तिच्या कारखान्यात सुट्या भागांचा हिशेब भांडारी नावाचा यंत्रमानव सांभाळायचा. त्याच्या हिशेबात एक सांधेकडी शिल्लक होती आणि कप्प्यात चिमूटभर धूळ. जुईच्या धाकट्या भावाचा, नचिकेतचा, चालता यांत्रिक पाय तेवढ्या एका कडीवाचून अडला होता. उद्या दसरा. नचिकेत जन्मात पहिल्यांदा स्वतः चालत घरोघर सोनं वाटणार होता आणि नवा माल यायला अजून आठवडा होता.

"कडीला पाय फुटले म्हणायचे," हणमंतकाका म्हणाले. ते कारखान्यातले सगळ्यात जुने जोडारी.

"भांडारी, पाय उलगडून दाखव," आत्या म्हणाली.

हवेत प्रकाशाचा एक पाय उभा राहिला. त्यातून गुडघा सुटा झाला, गुडघ्यातून सांधा, सांध्यातून इवलीशी कडी.

"हा घटकवृक्ष (वस्तू कोणत्या भागांची आणि ते भाग पुन्हा कशाचे बनले, हे दाखवणारी मांडणी)," आत्या म्हणाली. "एक पाय जोडून नोंद केली, की भांडारी त्यातला प्रत्येक भाग साठ्यातून वजा करतो आणि तयार पाय एकाने वाढवतो."

"आणि उलटं विचारलं तर? ही कडी कशाकशात आहे?" जुईने विचारलं.

भांडारीने प्रकाशचित्रांनी खोली भरून टाकली. आंबे उतरवणारा यंत्रहात, शाळेचं आपोआप मिटणारं छप्पर, दवाखान्यातली खाट, टेकडीवरची दुर्बीण. प्रत्येकात तीच कडी लकाकत होती. जुई बघतच राहिली. बांगडीहून लहान वस्तू आणि सगळ्या गावात राबत होती! तिला एकदम फार आनंद झाला, थोडी भीतीही वाटली.

हणमंतकाकांनी मात्र मान खाली घातली. "आज खंडेनवमी. पूजेत मांडायला एक यंत्रहात जोडला सकाळी. म्हटलं, देवाचं काम, त्याची कसली नोंद करायची."

कडी त्या हातात गेली होती आणि भांडारीला कुणी सांगितलंच नव्हतं. आता पूजेत मांडलेलं यंत्र उद्या पूजा उठेपर्यंत कोण खोलणार? "खोलतो मी," काका म्हणाले खरे, पण झेंडूच्या माळेपाशी त्यांचा हात थबकला.

"थांबा. कडी असलेली आणखी एक वस्तू आहे," भांडारी म्हणाला.

हवेत शेवटचं चित्र उमटलं. तो भांडारीच होता. त्याच्या उजव्या खांद्यात कडी चमकत होती.

कुणी काही बोलायच्या आत त्याने नोंद केली, "भांडारी, एक कडी वजा. नचिकेतचा पाय, एक कडी जमा." मग तो काकांसमोर खांदा पुढे करून उभा राहिला. काकांनी डोळे पुसत पाना उचलला.

दसऱ्याला नचिकेत डुलत डुलत, पण आपल्या पायांनी कारखान्यात आला आणि त्याने भांडारीपुढे आपट्याचं पान धरलं. भांडारीने डावा हात पुढे केला.

"सोनं उजव्या हातात घ्यायचं असतं," नचिकेतने दटावलं.

"तो हात हलवणारी कडी तुझ्या गुडघ्यात आहे," भांडारी म्हणाला.

नचिकेतने गुडघा एकदा वाकवून पाहिला, पुन्हा सरळ केला. मग वाकून ते पान त्याने स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवलं.